वाचकांचे प्रश्न : पन्नास हजारांचे ड्रोन आणि पन्नास टनांचा रणगाडा

प्रश्न : युक्रेनमधल्या युद्धाच्या चित्रफितींत चाळीस-पन्नास हजार रुपयांचे ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा पेटवताना दिसते. असे असताना जड रणगाड्यांवर खर्च करत राहणे म्हणजे जुन्या वैभवाला कवटाळून बसणे नव्हे काय? (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : आपण पाहिलेल्या चित्रफिती खऱ्या आहेत आणि आकडेही बोलके आहेत. फेब्रुवारी 2022 पासून रशियाने गमावलेल्या ज्या रणगाड्यांचे छायाचित्ररूप पुरावे मिळाले आहेत, त्यांचीच संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे. मात्र चित्रफितीत आपल्याला बहुतेक वेळा शेवटचा घाव तेवढा दिसतो. रणगाडा आधी सुरुंगावर जातो किंवा तोफगोळ्याने त्याचा पट्टा तुटतो, आतली माणसे बाहेर पडतात आणि मग उभ्या राहिलेल्या त्या धुडावर ड्रोन येऊन आदळते. जून 2023 मध्ये झापोरिझ्झिया आघाडीवर युक्रेनचे जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे अडकले, तेव्हा त्यांची वाट प्रथम सुरुंगांनी रोखली होती.

ड्रोन इतके प्रभावी का ठरते, हे नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात पाच मिनिटे उभे राहिले तरी लक्षात येते. तिथे येणारी मंडळी रणगाड्याच्या तोंडाशी उभी राहून छायाचित्र काढून घेतात आणि पुढे जातात. त्यांनी मागे जाऊन इंजिनावरची जाळी पाहावी, जमल्यास टरेटचे (तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाचे) छतही पाहावे. रणगाड्याचे चिलखत सगळीकडे सारखे जाड नसते. शत्रू समोर असणार या हिशेबाने पोलादाचा मोठा वाटा पुढच्या बाजूला दिलेला असतो, आणि छताला व पाठीला उरलेसुरले मिळते. पाच-सात किलोंचे ड्रोन नेमके त्याच उरल्यासुरल्या जागी येऊन बसते. त्यात रशियन टी-72 जातीच्या रणगाड्यांत तोफेचे गोळे माणसांच्या पायाखाली, टरेटच्या तळाशी गोलाकार रचलेले असतात. तिथवर आग पोहोचली की अख्खे टरेट उडून बाजूला पडते. अमेरिकन एब्रम्समध्ये बहुतेक, तर लेपर्डमध्ये काही दारूगोळा टरेटच्या मागच्या कप्प्यात असतो आणि स्फोट झाल्यास त्या कप्प्याचे झाकण बाहेरच्या बाजूला उडते, त्यामुळे रणगाडा गेला तरी आतली माणसे पुष्कळदा वाचतात. रणगाड्याची किंमत मोजताना हा फरक मला तोफेच्या व्यासापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण नवे यंत्र कारखान्यातून येते, पण मुरलेला गनर (तोफ चालवणारा) तयार व्हायला वर्षे लागतात.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. स्वस्त शस्त्राने महाग रणगाडा मारणे ही युक्रेनने लावलेली नवी रीत आहे असे मानण्याचे कारण नाही, आणि हे भारतीय वाचकाला तर सांगावेच लागू नये. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातल्या असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, म्हणजे त्या काळी आधुनिक गणले जाणारे अमेरिकन यंत्र, आपल्या लष्कराने कालव्याचे पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत रुतले. उसाच्या आडोशाला लपलेल्या आपल्या जुन्या शेरमन आणि सेंच्युरियन रणगाड्यांनी त्यांना टिपले, आणि कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी तर उघड्या जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस गनने (हलक्या रणगाडाभेदी तोफेने) एकामागून एक पॅटन फोडले. तो पराक्रम त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देऊन गेला. जीप आणि पॅटन यांच्या किमतींतले अंतर तेव्हाही असेच थक्क करणारे होते. तरीही सहाच वर्षांनी, डिसेंबर 1971 मध्ये, बसंतर नदीकाठी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे जाऊन पाकिस्तानी रणगाड्यांचा प्रतिहल्ला मोडून काढायची वेळ आली, तेव्हा पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियनच पुढे गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी तिथेच वीरमरण पत्करले. ते काम जीपकडून होण्यासारखे नव्हते.

1973 च्या ऑक्टोबरमधल्या अरब-इस्रायल युद्धातही असेच झाले. सिनाईत इजिप्तच्या पायदळाने खांद्यावरून वाहून नेता येणाऱ्या सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली आणि रणगाड्याचे युग संपल्याचे लेख जगभर छापून आले. इस्रायलचे रणगाडे त्या पहिल्या दिवसांत पायदळाची आणि तोफखान्याची पुरेशी साथ न घेता धावत सुटले होते, हे त्या लेखांत अभावानेच आढळते. मार्च 2022 मध्ये कीव्हच्या वाटेवर रशियन रणगाड्यांच्या रांगा रस्ता न सोडता पुढे सरकत होत्या, आणि आजूबाजूच्या झाडीत कोण दबा धरून बसले आहे हे पाहायला पायदळ पुरेसे नव्हते. एकटा पडलेला रणगाडा मारला जातो, मग मारणारे शस्त्र जीपवरचे असो, खांद्यावरचे असो की आकाशातले.

ड्रोनने काहीच बदलले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी रणगाडे दहा-पंधरा किलोमीटर मागे, झाडीत गोळा करून पहाटे एकदम सोडता येत असत. आता त्या पट्ट्यात दिवसरात्र डोळे लागलेले असतात आणि जमवाजमव लपत नाही. एप्रिल 2024 मध्ये युक्रेनने अमेरिकेकडून मिळालेले एब्रम्स आघाडीवरून काही काळ मागे घेतले, ते याच कारणाने. रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे चढले, रशियनांनी तर पत्र्याच्या शेडी चढवून त्यांची कासवे केली. ड्रोनचा संदेश तोडणारे जॅमर आले, तर लगेच मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून संदेश घेणारी, जॅमरला दाद न देणारी ड्रोन आली. या शर्यतीत आज ड्रोन पुढे आहे. पण दोन्ही सैन्ये रणगाडे मागतच आहेत, कारण गोळीबारात उघड्यावरून पुढे सरकून समोरच्या बंकरवर थेट गोळा टाकणारे दुसरे साधन अजून कोणापाशी नाही.

प्रश्न : मग आपण एकीकडे 68 टनांचा अर्जुन रणगाडा आणि दुसरीकडे 25 टनांचा हलका झोरावर, असे दोन्ही कशासाठी बनवत आहोत? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कारण आपली सीमा एकसारखी नाही. खरे तर ‘जड रणगाडा’ हा वेगळा वर्ग 1960-70 च्या दशकांतच जगभर मोडीत निघाला आणि त्याची जागा ‘मुख्य रणगाडा’ या वर्गाने घेतली. गंमत अशी की आजचे पाश्चात्त्य मुख्य रणगाडे त्या जुन्या जड रणगाड्यांपेक्षाही वजनदार झाले आहेत. हे वजन राजस्थानच्या वाळवंटात चालून जाते. पंजाबात मात्र पावलोपावली कालवे आणि पूल आहेत, तिथे 68 टन म्हटले की आधी पुलाची ताकद विचारावी लागते. 46 टनांचा रशियन बनावटीचा टी-90 तिथे बरा पडतो. माझ्या मते चिलखत वाढवत वजन चढवण्याची वाट आता संपत आली आहे.

लडाखमध्ये ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आपण टी-72 आणि टी-90 कैलास रांगेच्या शिखरांपर्यंत चढवले, पण विरळ हवेत त्यांच्या इंजिनांची दमछाक होते, आणि समोर चीनने त्याच उंचीसाठी हलका रणगाडा आणलेला आहे. त्यावरचे उत्तर म्हणून झोरावर जुलै 2024 मध्ये हजिरा येथे दाखवण्यात आला. उंचावर हलका रणगाडा नेण्याची कल्पना आपल्या लष्कराला नवी नाही. 1948 मध्ये काश्मीरहून लडाखकडे जाणारी झोजी ला खिंड पाकिस्तानी बाजूने अडवून धरली होती, तेव्हा सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे टरेट उतरवून, झाकून बालतालपर्यंत गुपचूप नेले गेले. सॅपर्सनी (लष्करी अभियंत्यांनी) खेचरांच्या वाटेचा रस्ता केला, आणि 1 नोव्हेंबरला हिमवर्षावात हे रणगाडे साडेअकरा हजार फुटांवर शत्रूच्या बंकरसमोर जाऊन उभे राहिले. तिथे रणगाडा येऊ शकेल, हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते.