मरायाह कॅरी २०१६ च्या थर्टी-फर्स्टला टीव्हीवर उघडी पडली म्हणतात. मोठे गायक लाइव्ह कार्यक्रमात खरंच गातात का, आणि ते ओळखायचं कसं?

प्रश्नातला ‘उघडी पडली’ हा शब्द खटकला म्हणून लिहायला बसलो. ओळखायचं कसं ते शेवटी सांगतो, आधी त्या रात्रीचं बघू. त्या व्हिडिओवरून जगाने एकच निदान केलं: बाईला गाता येत नव्हतं, ओठ हलवत होती, पकडली गेली. माझ्या मते हे निदान साफ चुकलेलं आहे. तिचं चुकलं, पण ते तिथे नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३१ डिसेंबर २०१६, न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर, एबीसी वाहिनीवर थेट प्रक्षेपण, मध्यरात्र तोंडावर आलेली. ‘ऑल्ड लँग साइन’ निभावलं. ‘इमोशन्स’ सुरू झालं आणि ती म्हणाली, ऐकू येत नाहीये, या गाण्याचं चेकिंग झालेलं नाही. मग प्रेक्षकांनाच गायला सांगून मंचावर फिरत राहिली. नर्तक बिचारे ठरल्याप्रमाणे तिच्याभोवती नाचतच होते. पुढचं ‘वी बिलाँग टुगेदर’. तिने माइक तोंडापासून खाली घेतला आणि आवाज तसाच चालू राहिला. झालं! तेवढाच तुकडा जगभर फिरला.

नंतर तिच्या माणसांनी सांगितलं की कानातला मॉनिटर (गायकाला ट्रॅक, म्हणजे मुद्रित संगीत, आणि स्वतःचा आवाज ऐकवणारं साधन) चालत नव्हता, आणि तो काढला तर गर्दीच्या गोंगाटात काही कळेना. निर्मात्यांनी, म्हणजे डिक क्लार्क प्रॉडक्शन्सने, आरोप फेटाळला. त्या भांडणात मला पडायचं नाही. पण उघड्या चौकात कान, म्हणजे हे कानातले मॉनिटर, गेल्यावर गायकाचं काय होतं, हे मॉनिटर सांभाळणाऱ्या कुठल्याही साउंडवाल्याला विचारा. तो त्या बाईला हसणार नाही.

हिशोब साधा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. प्रेक्षकांसाठी लावलेला स्पीकर गायकापासून ४० मीटरवर असेल तर ट्रॅक तिच्यापर्यंत ११७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १२५. म्हणजे जे ऐकून गायचं तेच पाव मात्रा मागे! त्यात समोरची इमारत १०० मीटरवर असेल तर तिच्यावर आपटून परत येणारा आवाज २०० मीटरचा प्रवास करून ५८० मिलिसेकंदांनी येतो. एका मात्रेहून जास्त. अशा वेळी सम कुठली आणि पडसाद कुठला हे कुणाला सांगता येईल? वर कानात ट्रॅक नाही म्हणजे पट्टीही नाही. स्वतःचा आवाज हाडातून ऐकू येतो, पण तो कशाशी जुळवायचा? गाणारा माणूस अशा वेळी एकतर बेसूर गातो नाहीतर गप्प बसतो. ती गप्प बसली. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

आता कान मरतात कसे. कमरेला किंवा पाठीला एक छोटा रिसीव्हर असतो, आम्ही साउंडवाले त्याला पॅक म्हणतो. त्यात दोन पेन्सिल सेल, वर आवाजाचं बटण, बाजूला अँटेना, आणि तिथून कानात जाणारी वायर. बिघडतो तो बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक कारणाने. कपडे चढवताना बटण घासून शून्यावर जातं. वायरची पिन अर्धवट बसते, मग एकाच कानात येतं. घट्ट ड्रेसमध्ये अँटेना दुमडून अंगाला चिकटते, आणि माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, सिग्नल पिऊन टाकते. पॅकला लॉक लावलेलं नसेल तर बोट लागून फ्रिक्वेन्सीच बदलते. म्हणून पॅक बांधून झाल्यावर बटणावर चिकटपट्टी मारतात, लॉक लावतात, सेल प्रत्येक शोला नवे कोरे टाकतात (चार्जिंगचे सेल शेवटपर्यंत ठीक दाखवतात आणि एकदम मान टाकतात), आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरचा दुसरा पॅक विंगेत कुणाच्या तरी हातात चालू ठेवतात.

हे शेवटचं नीट करणारे फार थोडे. मॉनिटरवाला स्वतःही त्याच फ्रिक्वेन्सीचा पॅक लावून ऐकत असतो आणि तिथेच फसतो. तो ट्रान्समिटरच्या शेजारी बसलेला, त्याला खणखणीत ऐकू येतं. गायिका अँटेनाकडे पाठ करून मंचाच्या टोकाला गेली की तिच्या कानात शांतता. आणि खरंच शांतता, खरखरसुद्धा नाही, कारण सिग्नल पडला की पॅक स्वतःच आवाज बंद करतो. मिक्सिंग बोर्डावर सगळं हिरवं, गायिकेच्या कानात काही नाही. दोघंही शपथेवर सांगणार की माझं खरं आहे, आणि दोघंही खरं बोलत असणार. टाइम्स स्क्वेअरसारख्या जागी तर वाहिन्यांचे, बातमीदारांचे, पोलिसांचे बिनतारी संच एकाच वेळी हवेत असतात. तिथे दुपारी मोकळी मिळालेली फ्रिक्वेन्सी रात्री अकरा पन्नासला मोकळी असेलच असं नाही. चेकिंग जमेल तितकं शोच्या वेळेजवळ, आणि ज्याला गायचंय त्यानेच, त्याच कपड्यांत करायचं असतं ते यासाठी.

इथे तिचं चुकलं: ‘इमोशन्स’चं चेकिंग झालेलं नाही, हे तीच मंचावरून म्हणाली. दुसरी चूक गाण्याच्या निवडीची. ‘इमोशन्स’ १९९१ चं, त्यातले शिट्टीसारखे अतितार सूर हीच त्याची ओळख. डिसेंबरच्या थंडीत, उघड्यावर, मध्यरात्री, पंचवीस वर्षांनी ते गाणं घ्यायचं म्हणजे निव्वळ हट्ट. पट्टी उतरवून घेतलं असतं तरी कुणी फाशी दिलं नसतं. आणि कान गेल्यावर दोन्ही कान काढायचे नसतात. ठाकठीक बसलेला इअरपीस बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने तोडतो. तो काढला की चौकातला सगळा कल्ला आत. आधी एकच काढायचा, मॉनिटरवाल्याला बोटाने वर-खाली खूण करायची, आणि ढोलाच्या ठोक्याकडे कान लावायचा.

तरी मोठी चूक व्यवस्थेची. मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवरचे दोन तिरपे मॉनिटर ठेवून त्यात ट्रॅक हळू सोडला असता तरी गाडी चालली असती. पण कॅमेरावाल्यांना ते डबे फ्रेममध्ये नको असतात. बरं, मग दोन्ही विंगांत साइडफिल, म्हणजे मंचाकडे तोंड केलेले स्पीकर, लावा. पाच-सहा मीटरवरून येणारा आवाज पंधरा-अठरा मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढं कुठलाही गायक सांभाळतो. फक्त वायरलेसवर अख्खा शो टांगायचा आणि खाली जाळी बांधायची नाही, याला मी निष्काळजीपणा म्हणतो, कुणाचाही असो.

आता ट्रॅकचं. टीव्हीसाठी जो ट्रॅक बनतो त्याला धंद्यात ‘टीव्ही ट्रॅक’च म्हणतात: वाद्यं, कोरस, सगळं असतं, फक्त मुख्य आवाज नसतो. आपल्याकडचा मायनस ट्रॅक, पण कोरससकट. त्याच्या जोडीला मुख्य आवाजाचा एक थर वेगळा ठेवतात, गायिका नाचताना धापेला आली तर खाली हळूच सोडायला. तो वेगळ्या फेडरवर (बोर्डावरचं आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण) हवा. तिथे असेल तर गायिकेने माइक खाली घेताच बोर्डावरच्या माणसाने तो खाली ओढायचा, एका सेकंदाचं काम. पण सगळं एकाच स्टिरिओ फाइलमध्ये भरून दिलं असेल तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. आवाज ओढला की गाणंच जातं. त्या रात्री यातलं काय होतं ते फाइल बघणारेच जाणोत, पण जे ऐकू आलं ते दुसऱ्या प्रकाराशी जास्त जुळतं.

आणि हा थर वापरणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांनी जरा सरसकट मोजावं. २७ जानेवारी १९९१ ला टॅम्पात सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर व्हिटनी ह्यूस्टनने गायलेलं राष्ट्रगीत आजही लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. ऐकला तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. २०१४ च्या सुपर बोलमध्ये रेड हॉट चिली पेपर्सच्या गिटारींना वायरच जोडलेली नव्हती, गाणं तेवढं थेट होतं, आणि त्यांच्या बेस वाजवणाऱ्याने ते नंतर स्वतः कबूल केलं. काही मिनिटांत उभ्या कराव्या लागणाऱ्या मंचावर अख्खं वाद्यवृंदाचं चेकिंग होत नाही, म्हणून आयोजकच ट्रॅक मागतात. ॲशली सिम्प्सनचं २००४ मधलं प्रकरण वेगळं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये दुसऱ्या गाण्याच्या वेळी आधीच होऊन गेलेल्या गाण्याचा ट्रॅक लागला, आवाज सुरू आणि माइक कमरेशी. तिथे उघडी पडली म्हणा, मी आड येणार नाही.

लोक ॲडेलचं उदाहरण तोंडावर फेकतात. फेब्रुवारी २०१६ च्या ग्रॅमीत पियानोतले माइक तारांवर पडले, भलताच गिटारसारखा आवाज येऊ लागला, तरी ती गात राहिली. पुढच्या वर्षी जॉर्ज मायकलच्या श्रद्धांजलीत चुकलं तर थांबली आणि पहिल्यापासून गायली. छानच केलं. पण ग्रॅमी सभागृहात असते आणि कार्यक्रम दोन मिनिटं पुढे सरकला तर आकाश कोसळत नाही. बाराचा ठोका कुणासाठी थांबतो? थर्टी-फर्स्टला ‘परत पहिल्यापासून’ म्हणायची सोय नाही.

आता आपल्याकडचे सोवळे लोक. ‘बालगंधर्वांना कुठे मॉनिटर होता? भीमसेनजींना कानात काही लागायचं का?’ हे वाक्य प्रत्येक साउंडवाल्याने ऐकलेलं असतं, बहुधा केबल गुंडाळत असताना. नाटकात ऑर्गन आणि तबला नटाच्या पुढ्यात, काही फुटांवर असायचे. सूर थेट कानात, उशीर शून्य. आणि सवाईच्या मंचाकडे नीट बघा: गवयाच्या मागे दोन्ही खांद्यांपाशी एकेक तानपुरा असतो. ते काय शोभेला बसवलेले असतात? डाव्या कानात एक, उजव्यात एक, तासभर षड्ज-पंचम. जगातला सगळ्यात जुना मॉनिटर तोच, फक्त त्याला सेल लागत नाहीत. तरीही मोठमोठे गवई ख्यालाच्या मध्येच हात वर करून ‘मॉनिटर जरा वाढवा’ म्हणतातच ना? ते म्हणाले की परफेक्शन, आणि पॉपवाली म्हणाली की नखरे!

बरं, तुमचा प्रश्न. बहुतेक मोठे गायक गातात, पण खाली आधार असतो. ओळखायचं तर ओठ बघू नका, माइक बघा. माइक तोंडापासून वीतभर लांब गेला आणि आवाजाचा पोत तसाच राहिला, तर ट्रॅक. ‘प’ आणि ‘फ’ला फट्‌ असा वाऱ्याचा धक्का येतो का, ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येतो का, जोरात उडी मारल्यावर सूर किंचित हलतो का, हे ऐका. मधूनच आवाज जाड झाला, जणू दोघी गातायत, तर मुख्य आवाजावर थर सोडलाय. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर यातलं काही कळत नाही. आपल्याकडचे पुरस्कार सोहळे तर बहुतेक आधी चित्रित करून मग दाखवतात, त्यात मागून दुरुस्ती होतेच. तिथे ही परीक्षा लावू नका.

सोसायटीच्या गणपतीत ट्रॅकवर गाणार असाल तर मायनस ट्रॅक आणि आधाराचा आवाज दोन वेगळ्या फाइलींत घेऊन जा, आणि तुमच्या पुढ्यात एक मॉनिटर मागून घ्या. ‘मोठ्या स्पीकरवर ऐकू येईल की’ असं मांडववाला म्हणेल. त्याला वरचा ४० मीटरचा हिशोब दाखवा.

हो, एक राहिलं, नाहीतर म्हणाल मी तिचा वकील आहे. तिचा सूर पूर्वीचा राहिलेला नाही, हे मलाही ऐकू येतं. पण पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१७ ला, ती त्याच चौकात त्याच कार्यक्रमात परत आली आणि गायली. गाण्यांच्या मध्ये तक्रार केली ती एवढीच, की गरम चहा मिळेल असं सांगितलं होतं आणि तो आलाच नाही. चहा साउंडवाल्याच्या खात्यात येत नाही.