रत्नागिरीत आमच्या स्थानिक फुटबॉल सामन्यांचं थेट प्रक्षेपण करतोय. टीव्हीवरचा चांगला कॉमेंटेटर कशामुळे ठरतो?

सगळ्यात मोठा दोष म्हणजे रेडिओसारखं बोलणं. चेंडू उजवीकडे गेला हे प्रेक्षकाला दिसतंच. त्याला हवं असतं खेळाडूचं नाव, आणि जे कॅमेऱ्यात येत नाही ते: बचावफळी पुढे सरकली, राखीव खेळाडू वॉर्मअप करतोय. चेंडू मध्यरेषेजवळ फिरत असेल तर नुसती नावं पुरेत. प्रत्येक थ्रो-इनला ओरडलात तर गोलच्या वेळी आवाज चढायला जागाच उरत नाही.

गोल झाला की आधी सहायक पंचाचा झेंडा बघा, मग नाव घ्या आणि गप्प बसा. १३ मे २०१२ ला मँचेस्टर सिटीच्या अग्वेरोच्या गोलवर इंग्लिश कॉमेंटेटर मार्टिन टायलर यांनी नाव ताणून घेतलं आणि पुढे गर्दीला बोलू दिलं. काय सुंदर थांबले होते!

पावसात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) मैदानात लाल चिखलाने पाठीवरचे नंबर दिसेनासे होतात. म्हणून सराव चालू असतानाच प्रत्येकाचे बूट, केस, धावायची ढब कागदावर टिपून घ्या. वाऱ्यासाठी माइकला फोमची टोपी हवीच, नाहीतर नुसती घरघर. ऑफसाइड सांगताना पास सुटला तो क्षण धरा, चेंडू पोचला तो नाही. बरेच जण इथेच चुकतात.