शाळा बांधायच्या की पुराची तयारी करायची?

तुमचा प्रश्न असा आहे: गरीब देशांना मिळणारी मदत आणि कर्ज आधीच अपुरं असतं, पूर किंवा भूकंप दहा-वीस वर्षांतून एकदा येतो, मग तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते सोडून आपत्तीच्या जोखमीवर कशाला घालायचा?

मी बडोद्याची, सिव्हिल इंजिनिअर. 2001 च्या भूकंपानंतर अडीच वर्षं कच्छमध्ये नव्या घरांची तपासणी करत होते. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: हे दोन खर्च वेगळे नाहीतच. जोखीम शाळेच्या भिंतीतच बांधली जाते. नाहीतर त्याच भिंतीत टाळली जाते. तिसरं काही होत नाही.

2010 सालची दोन उदाहरणं घ्या. जानेवारीत हैतीत 7.0 चा भूकंप झाला. बहुतेक अंदाजांनुसार लाखाहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारीत चिलीत 8.8 चा झाला, म्हणजे ऊर्जा सुमारे 500 पट, आणि तिथे पाचशेच्या आसपास माणसं गेली. हैतीचा धक्का राजधानीला अगदी खेटून होता, हे खरं. पण चिलीत कित्येक दशकं बांधकामाचे नियम होते आणि ते पाळलेही जात होते, तर हैतीत भरपूर काँक्रीट ओतलं गेलं होतं आणि ते तपासणारं जवळजवळ कुणी नव्हतं. हैतीत पडलेल्या इमारतींत शाळा होत्या, दवाखाने होते, सरकारी कचेऱ्या होत्या. तुम्ही ज्यावर पैसा घालायला सांगताय, नेमकं तेच पडलं.

26 जानेवारी 2001 ला आपल्याकडेही तेच झालं. गुजरातमध्ये 13 हजारांहून जास्त माणसं गेली. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. ती गल्ली माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. माणसं मारली ती भिंतींनी. 1993 ला किल्लारीत हेच दिसलं होतं: दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि रात्री झोपलेलं गाव.

पुनर्बांधणीसाठी जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेकडून कर्ज आलं. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे घर ज्याचं त्याने बांधायचं आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे, तेही बांधकाम तपासल्यावर. माझं काम तेच होतं. भचाऊकडच्या एका गावात गवंडी खांबाच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना धरून ठेवणारी सळईची कडी, बांधत होता. रिंगेचं टोक त्याने नेहमीच्या सवयीने काटकोनात वळवलं होतं. ते 135 अंशांत, आत काँक्रीटमध्ये शिरेल असं वळवावं लागतं. नाहीतर धक्क्यात रिंग उघडते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि खांब बसतो. मी त्याला एक रिंग हातात घेऊन वाकवून दाखवली. घराची मालकीण, सत्तरीच्या बा, शेजारी बसून बघत होत्या. आठवड्याने परत गेले तर बा स्वतः एकेका रिंगेवर बोट ठेवून मोजत होत्या आणि गवंड्याला म्हणत होत्या, "आ खुल्ली छे, फरी वाळ." (ही उघडी आहे, परत वळव.) त्या वळणाला जादा खर्च किती? वीतभरही सळई नाही. जोखीम व्यवस्थापन हा शब्द ऐकला की मला बांचं ते बोट आठवतं.

आता बांगलादेश. नोव्हेंबर 1970 च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसं गेली असं मानतात. 1972 पासून गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले. भोंगे, सायकली, धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे. पण इशारा मिळूनही लोक घर सोडेनात, कारण गोठ्यात गाय होती. म्हणून गुरांसाठी मातीचे उंच ओटे घातले, त्यांना तिथे किल्लाच म्हणतात. खांबांवर उभारलेले निवारे बांधले आणि त्यातल्या बऱ्याच निवाऱ्यांत एरवी शाळा भरते. तुमच्या प्रश्नातले दोन्ही खर्च एकाच इमारतीत! 2007 च्या सिद्र चक्रीवादळात साडेतीन हजारांच्या आत माणसं गेली. हा आकडाही फार मोठा आहे, पण 1970 शेजारी ठेवून पाहा. ओडिशातही तसंच: 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार मृत्यू, 2013 च्या फायलिनला जवळपास 10 लाख लोक आधीच हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत.

2015 मध्ये जपानच्या सेंदाई शहरात देशांनी आपत्तीची जोखीम कमी करण्याचा 2030 पर्यंतचा आराखडा मान्य केला, त्यातही दवाखाने आणि शाळा यांचं नुकसान कमी करणं हे एक उद्दिष्ट आहे. गुजरातने स्वतःचा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2003 मध्ये केला, देशाच्या कायद्याआधी दोन वर्षं. कागद आहेत. पैसा मात्र अजूनही आपत्तीनंतर धो धो येतो आणि आधी मागितला तर थेंब थेंब.

माझ्या घरापुरतं सांगते. आम्ही समा भागात राहतो, विश्वामित्रीपासून फार लांब नाही. ही नदी पावागढकडून येते, शहरात नागमोडी वळते, आणि तिच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, पुराचं पाणी पोटात घ्यायची. त्यातली कितीतरी बुजवून वर बांधकामं झाली. त्यालाही आपण विकासच म्हणतो. 31 जुलै 2019 ला चोवीस तासांत जवळजवळ 20 इंच पाऊस पडला. आमच्या सोसायटीची मीटरची खोली तळमजल्यावर, ती बुडाली. नंतर सभेत मी मीटर पहिल्या मजल्यावर न्यायचं म्हटलं. "असा पाऊस परत थोडाच येतोय", असं ठरलं आणि त्या पैशात आवारात पेव्हर ब्लॉक बसले.

2024 ला जन्माष्टमीच्या पावसानंतर नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26 असताना. मीटर परत पाण्यात, तीन दिवस अंधार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मशीन बंद पडल्यावर त्यांना खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवलं, खाली छातीभर पाणी, आणि होडी येईपर्यंत चौघांनी ती खुर्ची उचलून धरली. या नदीत मगरी आहेत, हे त्या चौघांनाही माहीत होतं. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी शहराजवळ जरोदला आहे, त्या जवानांचे उपकार शब्दांत सांगता येत नाहीत. पण काकूंना होडीची नव्हे, विजेची गरज होती, आणि ती पाच वर्षं आधी पुरवता आली असती.

म्हणून तुमच्या हाती कधी निधीचा निर्णय आला, तर आपत्तीचं वेगळं खातं नसलं तरी चालेल. शाळेचा नकाशा समोर आला की विचारा: 1970 ला, 2001 ला, 2019 ला इथे पाणी कुठवर होतं, जमीन कशी हलली, आणि रिंगा कोण तपासणार आहे?

आमचे मीटर आता पहिल्या मजल्यावर आहेत. खालच्या खोलीत मुलांच्या सायकली असतात.