नळ्या उजेडात धरून बघ

तुझं पत्र दोनदा वाचलं. नव्या मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) एकाच रनमध्ये, म्हणजे एका फेरीत, शेकडो प्रथिनं दिसतात, आणि त्यातली चाळीस रुग्णांत वाढलेली सापडली, हा आनंद मी ओळखते. पण पेपर लिहायला बसू नकोस. आधी फ्रीझर उघड आणि प्लाझ्माच्या (पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवाच्या) नळ्या एकेक करून उजेडात धर.

गुलाबी झाक कुठे दिसते का? दिसली तर रक्त घेताना किंवा नंतर तांबड्या पेशी फुटल्यात. मग यादीतलं कार्बोनिक ॲनहायड्रेज, जे तांबड्या पेशींतलं प्रथिन आहे, ते आजारामुळे वाढलेलं नसेल. प्लेटलेट फॅक्टर 4 आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन ही प्लेटलेट्समधली प्रथिनं जोडीने वर आली असतील, तर प्लेटलेट्स नीट वेगळ्या झालेल्या नाहीत असं समज. मी यात पुरती फसले आहे. आमच्या रुग्णांचं रक्त वॉर्डातून लॅबमध्ये यायला तीन-चार तास लागायचे. निरोगी लोकांचं शेजारच्या खोलीत काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये जायचं. आठ महिने आम्ही आजार मोजतोय असं समजत होतो, आणि मोजत होतो तो उशीर.

2002 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सीरमच्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या) मास स्पेक्ट्रोमीटरवरच्या वर्णपटावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचा निबंध आला. 50 पैकी 50 रुग्ण अचूक! पुढे त्या संशोधकांनी खुली केलेली माहिती संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली, तेव्हा काही ठिकाणी रुग्ण आणि निरोगी हे दोन गट वेगळे पडत होते ते वर्णपटाच्या अशा भागात, जिथे यंत्राच्या गोंगाटाशिवाय काही नसतं. ती चाचणी रुग्णांपर्यंत पोचली नाही. यंत्राचा फरक आजाराचा वाटू नये, म्हणून रुग्ण आणि निरोगी नमुने एकाच दिवशी, आलटून पालटून, चिठ्ठ्या टाकून यंत्रावर लाव.

प्लाझ्मा तसाही अवघड. एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन सुमारे 40 मिलिग्रॅम, तर दाहाशी संबंधित इंटरल्युकिन-6 हे प्रथिन जेमतेम काही पिकोग्रॅम. म्हणजे हजार कोटी पटीचा फरक. मशीन कितीही नवं असलं तरी तळाची प्रथिनं सहज हाती लागत नाहीत.

तरी या तंत्रावर माझा जीव आहे, तो थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडच्या प्रथिनासारख्या उदाहरणांमुळे. थायरॉइडच्या कर्करोगानंतर ते मोजून आजार परतलाय का ते बघतात. काही रुग्णांच्या रक्तात त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी असतात आणि नेहमीची चाचणी खोटा कमी आकडा दाखवते. मास स्पेक्ट्रोमीटरच्या पद्धतीत ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घातलं की अँटिबॉडीसकट सगळ्याचे तुकडे होतात. मग थायरोग्लोब्युलिनचा ठरलेला पेप्टाइड, म्हणजे एक ठरावीक तुकडा, तेवढा मोजायचा. अगदी कमी पातळी अजूनही निसटू शकते, पण अँटिबॉडीची अडचण तरी मिटते.

तुझ्या चाळिसातली चार-पाच निवड. त्यांचे जड समस्थानिकांचे (जड अणू घालून बनवलेले) पेप्टाइड तुलनेसाठी मागव आणि दुसऱ्याच रुग्णालयातल्या नमुन्यांवर एमआरएमने (ठरलेले पेप्टाइडच मोजण्याच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या पद्धतीने) मोज. त्याआधी रनचा क्रम आणि प्रत्येक नळीची रक्त काढल्याची वेळ मला पाठव. रविवारी बसून बघते.