वाचक विचारतात : रेजायना पॅट्स आणि २९-८ ची ती फायनल

प्रश्न : कॉनर बेडार्डमुळे आइस हॉकी पाहायला लागलो. तो आधी कॅनडातल्या रेजायना पॅट्स या ज्युनियर संघाकडून खेळायचा, म्हणून त्या संघाविषयी वाचायला घेतलं. स्थापना १९१७ ची, नाव एका राजकन्येचं आणि १९१९ ची फायनल गमावली ती २९-८ अशी! हॉकीत असा स्कोअर होतो का? मुलांच्या संघाला राजकन्येचं नाव कशासाठी? आणि यांचे मेमोरियल कप कुठे तीन दिलेत, कुठे चार. खरा आकडा कोणता?

उत्तर : तुम्ही अगदी मुळाशी हात घातलात, याचा मनापासून आनंद झाला. बेडार्डबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात, पॅट्सच्या पहिल्या दहा-बारा वर्षांबद्दल कुणी विचारत नाही.

आधी नावाचं. पॅट्रिशिया ही कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल, ब्रिटिश राजघराण्यातले ड्यूक ऑफ कॉनॉट यांची मुलगी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा हॅमिल्टन गॉल्ट या गृहस्थांनी स्वतःचे एक लाख डॉलर घालून एक रेजिमेंट उभी केली आणि तिला राजकन्येचं नाव दिलं. रेजिमेंटचा ध्वज राजकन्येने स्वतःच्या हाताने भरला होता. हीच प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्री. ८ मे १९१५ ला फ्रेझेनबर्गच्या लढाईत तिची अशी कत्तल झाली की संध्याकाळी उभे राहू शकणारे जेमतेम दीडशे उरले. त्यामुळे १९१७ मध्ये रेजायनातल्या हॉकी क्लबाने ‘पॅट्रिशिया’ नाव घेतलं, तेव्हा त्यात राजघराण्याच्या कौतुकापेक्षा या रेजिमेंटचा अभिमान जास्त होता असं मी समजतो. ‘पॅट्स’ हे त्याच नावाचं आटोपशीर रूप.

आता वर्ष पाहा. १९१७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, वयोमर्यादा २० ते ४५. ज्युनियर हॉकी मात्र विशीच्या आतली. मोठ्यांच्या संघांतून माणसं उचलली जात होती. लष्कराच्या २२८ व्या बटालियनचा तर व्यावसायिक लीगमध्ये स्वतःचा संघ होता, तो १९१७ च्या फेब्रुवारीत हंगाम अर्धवट टाकून युरोपला रवाना झाला. बर्फावर मागे उरली ती ही पोरं. आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की युद्ध लांबलं तर एक-दोन वर्षांत आपलाही नंबर आहे. या संघाचा विचार करताना मला हे कधी विसरता येत नाही.

युद्ध संपलं आणि ऑन्टेरिओ हॉकी असोसिएशनने युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ज्युनियर संघांसाठी एक चषक ठेवला, तोच मेमोरियल कप. कल्पना कॅप्टन जेम्स सदरलँड यांची. पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता यांनी त्यासाठी लढायचं, असा नेम. १९१९ मध्ये पश्चिमेकडून आले पॅट्स, पूर्वेकडून युनिव्हर्सिटी ऑफ टोरंटो स्कूल्स. म्हणजे ज्या चषकामागे ते युद्ध होतं, त्याच्या पहिल्याच फायनलला त्याच युद्धातल्या रेजिमेंटचं नाव लावलेला संघ उतरला. त्याच मार्च महिन्यात ती रेजिमेंट ओटावाला परत आली.

तुमचा २९-८ हा दोन सामन्यांचा मिळून स्कोअर आहे. तेव्हा दोन सामन्यांचे गोल एकत्र धरून निकाल लावत. १९ मार्चला पॅट्स १४-३ असे हरले आणि २२ मार्चला १५-५. त्या काळातही हा दणदणीत पराभवच, त्याला दुसरं नाव देता येणार नाही. पण समोर कोण होतं? टोरंटोच्या गोलमध्ये होता जोसेफ सलिव्हन, ज्याने पुढे १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. डॉक्टर झाला, सिनेटरही झाला. डंक मन्रो हा त्यांचा आणखी एक मोहरा, १९२४ च्या ऑलिंपिक विजेत्या संघाचा कर्णधार, मग मॉन्ट्रियल मरून्सकडून स्टॅनले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकणारा. सामने झाले टोरंटोच्या अरीना गार्डन्समध्ये, जिथे १९१२ पासून यंत्राने बनवलेला बर्फ होता. रेजायनाची पोरं रेल्वेने सुमारे अडीच हजार किलोमीटर तुडवून परक्या गावात आली होती. घरच्या प्रेक्षकांपुढे खेळायला एकही सामना त्यांच्या वाट्याला नव्हता.

मला खरं बोलायचंय ते त्या दुसऱ्या सामन्याबद्दल. कुमार संघांबरोबर मी बरीच वर्षं बाकावर काढली आहेत, म्हणून सांगतो. गोल एकत्र धरायचे म्हटल्यावर २२ मार्चला पॅट्स बर्फावर उतरले ते अकरा गोलांची पिछाडी घेऊन. निकाल लागून गेलेला. अशा वेळी सतरा-अठरा वर्षांची मुलं बुटांच्या नाड्या बांधताना एकमेकांकडे बघत नाहीत, गोलरक्षकाशी तर कुणी बोलतच नाही. प्रशिक्षकाने काय सांगावं? तरी त्या दिवशी त्यांनी पाच गोल केले, आदल्या सामन्यापेक्षा दोन जास्त. पंधरा खाल्ले म्हणून त्या पाचांकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं पहिल्यांदा तिकडेच गेलं. चषक हातचा गेल्यावरही पुढे सरसावून खेळल्याशिवाय सलिव्हनसारख्याला पाच गोल होत नाहीत.

तीनच वर्षांनी, १९२२ मध्ये, ते पुन्हा फायनलला पोचले. या वेळी विनिपेगमध्ये, समोर फोर्ट विल्यम वॉर व्हेटरन्स. दोन सामने मिळून ८-७, अवघ्या एका गोलाने गेला चषक. खरं सांगू? २९-८ पेक्षा हा पराभव मला जास्त जिव्हारी लागतो. पण एकवीस गोलांचं अंतर एका गोलावर आलं होतं, हेही त्याच निकालात दिसतं. १९२५ मध्ये पॅट्स परत टोरंटोला गेले, त्याच अरीना गार्डन्समध्ये, आणि टोरंटो ऑरा ली संघाला सलग दोन सामन्यांत हरवून पहिला मेमोरियल कप घरी नेला. त्या संघातला जॉनी गॉटसेलिग याने पुढे शिकागोच्या व्यावसायिक संघाकडून नाव काढलं. तुमचा बेडार्डही शिकागोलाच गेला, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, पहिल्या क्रमांकावर.

चषकांची संख्या. घोळ आहे तो १९२८ चा. त्या वर्षी चषक रेजायनातच आला, पण जिंकणाऱ्या संघाचं नाव होतं रेजायना मोनार्क्स. मोनार्क्स आणि पॅट्स हे दोन्ही पुढे एकाच परंपरेत धरले गेले, म्हणून पॅट्स तो आपला मानतात. माझ्या मते त्यांना तो हक्क आहे, गाव तेच आणि वारसाही तोच. पण नोंदवहीत लिहायचं तर नाव मोनार्क्सचंच लिहावं. तेव्हा पॅट्स या नावाने तीन : १९२५, १९३० आणि १९७४. मोनार्क्सचा १९२८ चा धरला तर चार. २०१८ मध्ये शताब्दीच्या स्पर्धेचं यजमानपद रेजायनाकडे होतं, पाचव्याची संधी होती, पण फायनलमध्ये अकादी-बाथर्स्टने ३-० असं हरवलं.