कापून काढलेली गाठ पुन्हा का वाढली?

“मॅडम, हा मोठा रोग तं नाही ना?” यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. या वेळी तो विचारणाऱ्या आईशेजारी तिची विशीतली मुलगी ओढणीने कान झाकून बसली होती. कान दुसऱ्यांदा टोचल्यानंतर पाळीवर गुळगुळीत, टणक गाठ आली होती. एका दवाखान्यात ती कापून काढली, तर काही महिन्यांत पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. घरात कर्करोगाची भीती बसली होती आणि वांगी खाल्ल्याचा, खाजवल्याचा ठपका मात्र मुलीवर आला होता.

डॉक्टरांनी केलॉइडचे, म्हणजे जखमेच्या व्रणाच्या बेसुमार वाढीचे, निदान केले होते. जखम झाली की त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे तंतू तयार करून ती भरून काढतात. टीजीएफ-बीटा हे प्रथिन त्यांना तसा संदेश देते आणि पेशीतील स्मॅड प्रथिने तो केंद्रकापर्यंत पोहोचवून कोलॅजेनची जनुके कामाला लावतात. साध्या व्रणात काम संपले की यांतील बऱ्याच पेशी आपोआप मरतात. केलॉइडमध्ये मात्र संदेश चालूच राहतो, पेशी सहजी मरत नाहीत आणि कोलॅजेनचे जाड गठ्ठे मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतात. “म्हणजे बांध बुजला, तरी माती टाकणं चालूच,” असे आईनेच म्हटले, आणि ते अगदी बरोबर होते.

खाज हे या आजाराचेच लक्षण आहे, कारण त्या जागी वाढलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे खाज आणणारे रसायन सोडतात. हे ऐकून मुलीने प्रथमच ओढणी बाजूला केली. वांग्याचा येथे काही संबंध नाही, हा कर्करोग नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मी आईला मुलीसमोरच सांगितले. ठपका जिच्यावर आला, तिच्यासमोरच तो पुसला जावा, असे मला वाटते.

नुसती गाठ कापणे म्हणजे त्याच प्रवृत्तीच्या त्वचेला नवी जखम देणे होय, म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर केलॉइड परत येण्याचे प्रमाण फार मोठे असते. गाठीतच ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइड औषधाचे इंजेक्शन साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने देतात. त्याने कोलॅजेनची निर्मिती मंदावते, मात्र सुई दुखते आणि त्वचा पातळ किंवा फिकी पडू शकते, हे आधीच सांगितलेले बरे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून खेपा अर्ध्यावर सुटतात, तेव्हा आम्ही तारखा बाजाराच्या दिवशी धरल्या.

उठताना आईने धाकटीचे कान टोचावेत का, असे विचारले. ही प्रवृत्ती कुटुंबात चालू शकते, त्यामुळे हौसेसाठी टोचणे टाळावे, आणि कधी शस्त्रक्रिया करावीच लागली तर बहिणीच्या केलॉइडची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी, असे मी तिला सांगितले.