मार्चअखेर गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंग करायचंय, ॲपवर आठवडाभर ऊन दिसतंय. मग हिमस्खलनाची भीती आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापूरचे, गुलमर्गला स्कीइंगचे दोन कोर्स झालेत, आणि आता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिघे मित्र मिळून गंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) राखलेल्या हद्दीबाहेर, स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) लावून चढायच्या आणि उतरायच्या बेतात आहात. ॲपवर सातही दिवस सूर्याचं चिन्ह आहे, बीकन (बर्फात गाडलेल्याची जागा सांगणारं यंत्र) तिथे भाड्याने मिळतात, मग आणखी काय बघायचं?

रात्र बघा. वसंतातल्या बर्फाचा निकाल दिवसाच्या उन्हावर नाही, आदल्या रात्रीवर लागतो.

मीही सोलापूरचाच, जुळे सोलापुरात राहतो. बरीच वर्षं मार्च-एप्रिल आला की स्की बांधून काश्मीर नाहीतर मनालीकडे निघतो. आपल्याकडून जाणाऱ्यांची समजूत एकच असते: जानेवारीत बर्फ पडतो म्हणून धोका, मार्चमध्ये ऊन म्हणून निर्धास्त. जानेवारीचं खरं आहे. तेव्हा ताज्या बर्फाचं ओझं आणि वाऱ्याने रचलेली स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारा बर्फाचा घट्ट थर, घात करते. मार्चमध्ये तो धोका जात नाही, त्यात पाण्याची भर पडते. उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी कणाकणांमधून खाली झिरपतं आणि बर्फाचे दाणे ज्या बारीक सांध्यांनी एकमेकांना धरून असतात ते सांधे सुटतात. रात्री सगळं परत गोठलं, तर सकाळी उतार इतका टणक असतो की बुटाचा ठसा उमटत नाही. मग ऊन लागून वरचा इंच-दोन इंच मऊ होतो. तोच कॉर्न स्नो, आणि वर्षातलं सगळ्यात मजेचं स्कीइंग त्याच्यावरच होतं. ही चैन तास-दोन तासांची. त्यानंतर चिखल, आणि चिखल झालेला उभा उतार कधी सुटेल याचा नेम नाही.

आता रात्र गोठली की नाही हे कसं कळणार? सोलापुरात उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. दिवसा पारा बेचाळीसवर असला तरी आभाळ निरभ्र असेल तर पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. ढग आले की तेवढ्याच उन्हाच्या दिवसानंतर रात्रभर उकाडा. जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते, ढग ती अडवून परत खाली पाठवतात. बर्फाचंही तंतोतंत हेच. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, वारा पडलेला असेल तर हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री उणे एक असूनही नुसती पापडी धरते, खाली सगळं ओलं. म्हणून ॲपमधल्या किमान तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. रात्री दहा ते सकाळी सहा ढग किती, आर्द्रता किती, ते तासागणिक बघा.

आणि ॲपमधलं ‘गुलमर्ग’ म्हणजे 2,650 मीटरवरचा बाजार आणि हॉटेलं. गंडोलाचा दुसरा टप्पा संपतो जवळपास 4,000 मीटरवर. हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, हा हिशेब दिवसा धरता येतो. रात्री मात्र तो फसवतो. गुलमर्ग म्हणजे डोंगरांमधलं खोलगट कुरण, थंड हवा उतारावरून घसरून तिथे साचते. खिडकीच्या काचेवर दव गोठलेलं दिसलं म्हणून वरचा उतारही गोठला असेल, असं गृहीत धरू नका. वर पोचल्यावर काठी मारून बघायची, दुसरा इलाज नाही.

अशी काठी मारताना अटल बोगद्यापलीकडे, लाहौलमधल्या कोकसरच्या बाजूला, आमच्या गाइडला जवळून पाहिलंय. पूर्वेकडे तोंड असलेला उतार, सकाळचे सव्वादहा. काठी उलटी धरून त्याने मूठ बर्फात दाबली. चार बोटं आत गेली आणि टणक लागलं. आम्ही एक धार, म्हणजे उतरण्याची एक फेरी, घेऊन खाली आलो, तो परत तेच करून बघायला थांबला. या वेळी मूठ मनगटापर्यंत आत. वर खडकांच्या बुडातून लिंबाएवढे बर्फाचे गोळे सुटून घरंगळायला लागले होते, प्रत्येकामागे एक चर. तो एवढंच म्हणाला, “बस, अब नीचे.” ऊन लख्ख होतं, मित्राला आणखी एक धार हवी होती, त्याने बराच वेळ तोंड फुगवलं. त्या उताराचं पुढे काय झालं ते बघायला आम्ही थांबलो नाही.

हे घरंगळणारे गोळे, घोट्याच्या वर रुतणारा पाय आणि कड्याच्या कडेला वाऱ्याने बाहेर लोंबवलेला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, यातून टपकणारं पाणी: यातलं एकही दिसलं तर त्या उताराचा दिवस संपला. घड्याळात दहा वाजलेत की बारा, हा प्रश्नच नाही. तरी घड्याळाचा अंदाज हवाच. भारतीय वेळेने गुलमर्गला सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला. आधी पूर्वेचे उतार तापतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. म्हणजे सकाळी पूर्वेकडून सुरुवात करून उन्हाच्या पुढे पुढे राहायचं. उत्तरेचे उतार मार्चमध्ये अजून हिवाळ्यातच असतात, तिथे कोरडा भुसभुशीत बर्फ मिळतो. लोक त्याच्या मोहाने जातात आणि हिवाळ्यातला धोका, म्हणजे खाली दबलेला साखरेसारखा कमकुवत थर, तिथेच टिकून असतो. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन ऋतू असतात.

एक अडचण तुमच्या बेतातच आहे. गंडोलाचा दुसरा टप्पा सुरू होऊन तुमचा नंबर लागेपर्यंत उन्हं चांगली वर आलेली असतात. पूर्व-दक्षिणेच्या उतारांवर कॉर्न हवा असेल तर अंधारात उठून, कपाळाला दिवा लावून, चढूनच जावं लागेल.

ॲपवरच्या सात सूर्यांबद्दलही बोलायला हवं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात, बातम्यांतले ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’, मार्च-एप्रिलमध्येही काही दिवसांच्या अंतराने येत राहतात. पंढरपूर-सांगोल्याकडे द्राक्ष-डाळिंबावर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गारा पडतात, त्यामागे अनेकदा हाच पाहुणा असतो. तीन दिवसांपलीकडचं चिन्ह हे अंदाजाचाही अंदाज समजा. वर असताना उंच आभाळात घोड्याच्या शेपटीसारखे पांढरे ढग पसरायला लागले, वारा दक्षिणेकडून वाहू लागला, हवा अचानक ऊबदार वाटली, की परतीचा विचार करायचा. बर्फ पडून गेल्यावर आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि सगळे हॉटेलातून धावत सुटतात. ताज्या ओझ्यावर पहिलं ऊन पडणारा तो दिवस सगळ्यात वाईट.

अपघातांच्या तारखा बघितल्यात तर महिन्यावर विसंबायचं नाही हे कळेल. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर 1 फेब्रुवारी 2023 ला दोन पोलिश स्कीअर गेले. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गमध्येच एक रशियन स्कीअर गेला. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले, त्यांच्या पायात स्कीसुद्धा नव्हत्या. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतले 54 कामगार हिमस्खलनात अडकले, आठ वाचले नाहीत.

इशारा कुठे मिळतो? डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, हिमस्खलनाची पत्रकं काढते. मनालीची जुनी ‘सासे’ 2020 मध्ये हिच्यातच विलीन झाली. पत्रकात जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी असते. गुलमर्गसाठी बारामुल्ला जिल्हा बघायचा. लक्षात घ्या, हे अख्ख्या जिल्ह्यासाठी आहे, तुमच्या उताराची दिशा त्यात नसते. पाच पातळ्यांपैकी तिसरी ‘मधली’ म्हणून लोकांना बरी वाटते, पण जगभर स्कीअर बरेचसे तिसरीतच दगावतात. चौथी-पाचवी असली की शहाणे लोक बाहेरच पडत नाहीत.

उताराचा कोन मोजायला फोन पुरे. 30 ते 45 अंश हा स्लॅब सुटण्याचा पट्टा. मात्र पायाखालचा कोन बघून समाधान मानू नका, डोक्यावर काय आहे ते बघा. वर 38 अंशांची भिंत आणि खाली तुम्ही वीस अंशांच्या सपाटीवर डबा उघडून शेंगाचटणी-भाकरी खाताय, तर तुम्ही तिच्या वाटेतच बसलाय. नाल्यात तर थांबूच नका, तिथे थोडासा बर्फही खोल साचतो.

बीकन भाड्याने घ्या, तो प्रश्न नाही. पण बीकन फक्त जागा सांगतो. प्रोबने, म्हणजे लांब सळईने, टोचून शोधायचं आणि फावड्याने उकरायचं काम उरलेल्या दोघांचं, आणि त्यांना पहिली दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यापुढे जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. ओल्या हिमस्खलनाचा बर्फ थांबल्याक्षणी सिमेंटसारखा बसतो, हाताने उकरता येत नाही. तिघांकडे तिघांचे बीकन, प्रोब, धातूचं फावडं, आणि पोचल्यावर पहिली अख्खी दुपार सपाटीवर एक बीकन पुरून शोधायचा सराव. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे कडेला सुरक्षित जागी थांबून नजर ठेवून. फोन केला की हेलिकॉप्टर हजर, हे आल्प्समध्ये. इथे ते धरून चालू नका.

गॉगल आणि सनस्क्रीन सांगायला नकोत. उंचीचं मात्र सांगतो: साडेचारशे मीटरवरच्या सोलापुरातून थेट चार हजारांकडे जाताय, पहिल्या दोन रात्री गुलमर्गलाच काढा, त्याच दिवसांत सराव उरकेल.

आठवडा तुमचा ठीक आहे, फक्त सात दिवसांचे नऊ करा. ढगाळ रात्रीनंतरचे दिवस गंडोलाच्या राखलेल्या उतारांवर किंवा झाडीतल्या कमी कोनाच्या वाटांवर घालवायचे. स्थानिक गाइड ठरवा, आणि ठरवतानाच विचारा की तुमच्या बेतातल्या उतारावर रात्र ढगाळ गेली तर तो काय करेल. “चले जाएँगे, कुछ नहीं होता” म्हणाला, तर दुसरा बघा.